मागचे दार

माझे वडील सुतारकाम करीत. वसईच्या किनारपट्टीवरील आमच्या आणि आसपासच्या गावांत त्यांच्या हातचे पलंग, कपाटे आणि ओट्यावरची बाके अजूनही वापरात आहेत. कोणी कामाला बोलावले की लाकडाचा विषय निघण्यापूर्वीच ते खिशातली घडीची पट्टी काढून घराचे दार मोजू लागत. घरमालकाला त्याचे हसू येई. "अहो, मला कपाट हवंय, दार नको," असे कोणी म्हटले तर वडील मान वर न करता उत्तर देत, "कपाट मी करीन. पण आत तुम्ही नेणार, आणि कधीतरी बाहेरही तुम्हीच काढणार."

त्यांच्या हाताखाली मी ही विद्या शिकलो. पोट मात्र रेल्वेच्या नोकरीवर भरले. परळच्या कारखान्यात डब्यांच्या सुतारखात्यात मी चौतीस वर्षे काढली. बर्थ, खिडक्यांच्या चौकटी, सामानाच्या फळ्या, सारे काही इंचाइंचाच्या हिशेबाने बसवायचे. वाहनाच्या पोटात कोणती वस्तू कशी मावते हे मला कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही, असा माझा समज होता.

अवजड सामान चढवण्या-उतरवण्याचे प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहेत. मुंबईत चाळीत राहणाऱ्या आमच्या नातलगांकडे लोखंडी कपाट आले, की ते जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडे. मग गॅलरीतून दोर सोडायचा, चौघांनी वरून ओढायचे, दोघांनी खालून बांबूने ते भिंतीपासून दूर धरायचे आणि साऱ्या चाळीने सूचना करायच्या. पुढे वसईतही वाड्या जाऊन इमारती उभ्या राहिल्या. अशाच एका इमारतीत आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांचे निधन झाले, तेव्हा शवपेटी जिन्याच्या वळणावर जवळजवळ उभी करून खाली आणावी लागली. त्या दिवशी मी इमारत बांधणाऱ्याच्या नावाने मनसोक्त बोटे मोडली होती. माणूस घरात चालत येतो, पण कधी ना कधी त्याला आडवे न्यावे लागेल, एवढेही या लोकांना सुचू नये, असे मी दहा जणांना ऐकवले. माझे ते शब्द माझ्याच पदरात परत येणार होते.

आमच्या मुलीचे लग्न २०१४ साली झाले. मुलीला सासरी पाठवताना कपाट देण्याची रीत आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. माझ्या पत्नीचे सागवानी कपाट १९८० साली बैलगाडीतून आले, ते आजही आमच्या मधल्या खोलीत उभे आहे. माझ्या बहिणीचे कपाट वडिलांनी स्वतः केले होते. मुलीसाठी मी केले असते. परंतु जावई अमेरिकेत नोकरीला, मुलगीही परिचारिकेचे शिक्षण पुरे करून तिकडेच निघालेली. विमानातून कपाट जात नाही. आम्ही रोख रक्कम दिली आणि ती पहिल्याच वर्षी घरभाड्यात विरून गेली. मुलीने कधी तसे बोलून दाखवले नाही, पण न केलेले ते कपाट माझ्या मनात कोठेतरी उभेच राहिले.

२०२१ साली एके रात्री तिचा फोन आला. "पप्पा, आम्ही बस घेतली."

मी विचारले, "कोणत्या मार्गावर चालवणार?"

"चालवणार नाही. राहणार."

दोघे ऑरेगॉन राज्यात राहत होते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील हे राज्य उंच सूचिपर्णी वृक्षांचे आणि सततच्या पावसाचे. तेथील घरांच्या किमती आणि भाडी ऐकून मला प्रथम आकडा चुकीचा ऐकला असे वाटले होते. एका वृद्ध शेतकऱ्याच्या जागेत बस उभी करायची, पाचेक वर्षे तिच्यात राहायचे आणि वाचलेल्या पैशांतून घर घ्यायचे, असा त्यांचा बेत होता. तिकडे अशा रीतीने राहणारे पुष्कळ आहेत, असे तिने समजावून सांगितले. मी "बरं" म्हटले आणि गावात सांगितले की जावयाने मोठी गाडी घेतली.

जून २०२२मध्ये आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो. ती मोठी गाडी म्हणजे शाळेची निवृत्त बस होती. अमेरिकेतील शाळांच्या बसगाड्या पिवळ्या असतात हे आपण चित्रपटांतून पाहतो. त्यामागे एक छोटासा इतिहास आहे. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यापक महाविद्यालयात फ्रँक सायर या प्राध्यापकांनी एक परिषद भरवली. विद्यार्थ्यांच्या गाड्या कशा असाव्यात याचे चव्वेचाळीस निकष तेथे ठरले. पहाटेच्या अंधुक उजेडात काळी अक्षरे ठळक दिसावीत म्हणून हा पिवळा रंगही तेथेच निश्चित झाला. गाडी शाळेच्या सेवेतून निघाली की तो रंग काढावा, असा अनेक राज्यांचा नियम आहे. म्हणून जावयाने ही बस गर्द हिरवी रंगवली होती.

आतली बावीस बाके त्याने पहिल्याच महिन्यात काढून टाकली होती. एकेका बाकाचे बोल्ट गंजून इतके घट्ट बसले होते, की ते ग्राइंडरने कापावे लागले. मग जमिनीला आणि छताला थंडीपासून बचाव करणारे अस्तर घालून वरून फळ्या मारल्या. या साऱ्या खटाटोपानंतर उरलेली जागा साडेसात फूट रुंद आणि सुमारे सत्तावीस फूट लांब. पुढे बसायची जागा, मग स्वयंपाकाचा ओटा, नंतर न्हाणीघर आणि मागे झोपण्याची सोय. छत अर्धगोल. मधोमध बरोबर सहा फूट उंची, आणि भिंतीजवळ ती पाच फुटांच्याही खाली येते. माझी पट्टी माझ्या खिशात होतीच. पहिल्याच दिवशी मी सारी बस मोजून काढली.

बसचे पुढचे दार, ज्यातून मुले चढत असत, ते जेमतेम सव्वादोन फूट रुंद. आत शिरताच तीन उंच पायऱ्या, आणि त्या संपतात तेथे चालकाच्या आसनाशी एकदम काटकोनात वळण. माणूस वळतो, सामान वळत नाही. मागे मात्र दुसरे एक दार आहे. अपघाताच्या वेळी मुलांना बाहेर पडता यावे म्हणून केलेले. ते बाहेरच्या बाजूला उघडते, तीन फूट रुंद आहे आणि बावन्न इंच उंच. त्याचा उंबरठा जमिनीपासून तीन फुटांवर, म्हणजे मालट्रकच्या फाळक्यासारखा सोयीचा. घराचे सारे मोठे सामान याच दारातून आत गेले होते. फ्रिज गेला, शेगडी गेली. आम्ही पोहोचल्यावर आठच दिवसांनी त्या शेतकऱ्याने आपला जुना सोफा देऊ केला, तो आत घेण्याची मोहीम तर माझ्याच देखरेखीखाली झाली. जावई म्हणत होता, पुढून प्रयत्न करू. मी पट्टी लावून त्याला दाखवले की सोफ्याची पाठ त्या वळणावर अडकणार. मग पाय काढून तो एका टोकावर उभा केला, मागच्या दारापाशी आणला, पाठ आधी आणि आसन मागाहून अशा रीतीने तिरका घालत आत सरकवला. शेतकऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली. त्या दाराचे महत्त्व मला ठाऊक नव्हते, असे मी कोणत्याही तोंडाने म्हणू शकत नाही. ते मीच सर्वांना पटवले होते.

जुलैमध्ये मी कपाटाचा विषय काढला. कपडे प्लॅस्टिकच्या पेट्यांत कोंबलेले असत. त्या पेट्या रात्री पलंगाखाली जात आणि सकाळी बाहेर येत. मुलगी नको नको म्हणाली, पण माझे डोळे एव्हाना उजळले होते. त्या प्रदेशात प्लायवूडला काय तोटा! डग्लस फर या वृक्षाच्या प्लायवूडचे पहिले मोठे प्रदर्शन १९०५ साली तेथल्याच पोर्टलंड शहरात भरलेल्या जागतिक मेळ्यात मांडले गेले होते. चार बाय आठ फुटांचा तक्ता उभ्या कडेवर धरला, की तो मागच्या दारातून चार इंच राखून आत जाई. असे तक्ते आम्ही आत घेतले. मी माझ्या पेटीतून गावाहून आणलेली पटाशी आणि छोटा रंधा बाहेर काढला. सत्तरीला टेकलेल्या माणसाला पुन्हा उपयोगी पडण्याइतके दुसरे कोणतेही औषध लागू पडत नाही. मी सकाळी सहाला उठून कामाला लागत असे.

कपाट चौतीस इंच रुंद, बावीस इंच खोल आणि सत्तर इंच उंच ठरले. एवढे उंच कपाट अर्धगोल छताखाली उभे राहणार ते केवळ मधोमध. आणि बसमध्ये मधोमध रिकामी जागा एकच होती. मागच्या दाराला पाठ लावून.

मुलगी म्हणाली, "पप्पा, ते दार मोकळं राहू दे ना."

मी म्हणालो, "सामान तर सगळं आत आलं. आता त्या दाराचं काय काम?"

"मग सोफा कधीच बाहेर जाणार नाही."

"तो कशाला बाहेर जायला हवा?"

ती हसली. जावयाने काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडले आणि पत्नीकडे पाहून मिटले. एवढीच काय ती चर्चा. मी ते कपाट जागेवरच उभे केले. जमिनीवर आडवे जोडून मग उभे करावे, ही खरी पद्धत. परंतु तेवढी मोकळी जमीन नव्हती, म्हणून आधी बाजू उभ्या केल्या, मग मधल्या फळ्या बसवल्या, शेवटी माथा. खाली चार इंचांची बैठक केली, तिचे सांधे स्क्रूने न आवळता खाच आणि कुसू पाडून सरसाने पक्के केले. वडील असते तर त्यांनी त्या सांध्यांवरून अंगठा फिरवून पाहिला असता. ते कपाट आडवे जोडून उभे करायला गेलो असतो, तर माझी चूक मला तेव्हाच कळली असती. पण तसे घडायचे नव्हते. मुलीने पेट्या रिकाम्या करून कपडे त्यात लावले आणि त्याचे छायाचित्र काढून साऱ्या नातलगांना पाठवले. आठ वर्षांनी का होईना, रीत पुरी झाली, असे मी पत्नीला म्हणालो. ती म्हणाली, "हं."

सप्टेंबरमधला एक मंगळवार. सकाळचे साडेनऊ वाजले होते. जावई कामावर गेला होता आणि मुलगी रात्रपाळी करून येऊन निजली होती. मी बाहेर एका खुर्चीचे पाय ठीक करीत बसलो होतो. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. पत्नी ओट्यापाशी सांडलेल्या पाण्यावरून घसरली होती. मी आत जाईपर्यंत मुलगी उठून तिच्याजवळ पोहोचली होती. एक पाय बाहेरच्या बाजूला वळलेला आणि दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता. मुलीने तो पाहिला आणि मला हात लावू दिला नाही. "हलवायचं नाही. खुब्याचं हाड आहे," ती म्हणाली आणि तिने फोन लावला.

तिकडे रुग्णवाहिकेबरोबर पुष्कळदा अग्निशामक दलाची गाडीही येते. दहा-बारा मिनिटांत दोन्ही आल्या. रुग्णवाहिकेतील एक तरुण आणि एक मध्यमवयीन बाई आत आली. त्यांनी पत्नीला वेदनाशामक दिले, पाय बांधून स्थिर केला. मग त्या बाईने उठून पुढच्या दाराकडे पाहिले. तीन पायऱ्या, काटकोनातले वळण, सव्वादोन फुटांची रुंदी. खुब्याचे हाड मोडलेल्या माणसाला खुर्चीत बसवता येत नाही. त्याला सपाट झोपवूनच न्यावे लागते. तिने मान हलवली आणि माझ्या मुलीला विचारले, "मागचे दार?"

आम्ही सर्वांनी कपाटाकडे पाहिले.

माझी त्या क्षणी काय अवस्था झाली ते लिहिणे मला जमणार नाही. मुलीने इंग्रजीत शांतपणे सांगितले की मागचे दार बंद आहे, पुढे काहीतरी उभे केले आहे. "काहीतरी" असेच ती म्हणाली. कोणी उभे केले ते तिने सांगितले नाही. अग्निशामक दलाचे दोघे बाहेरून मागे गेले आणि त्यांनी दार उघडले. त्या दारावर जुनी अक्षरे होती, "आपत्कालीन दार" अशा अर्थाची. हिरव्या रंगाखालून ती अजूनही पुसट वाचता येत. दार उघडले आणि त्यांना कपाटाची पाठ दिसली.

प्रथम त्यांना वाटले, ढकलून बाजूला करू. बाजूला सरकत नव्हते, कारण दोन्ही बाजूंना छत उतरते आणि माथा तत्काळ अडतो. मग वाटले, तिरके करून दारातून बाहेर ओढू. तेही होत नव्हते. कपाट उभे असताना सत्तर इंच असते. पण कलते करू लागलो की खालची पुढची कड जमिनीवर टेकते आणि वरचा मागचा कोपरा आणखी वर उचलला जातो. या दोन कोपऱ्यांमधले अंतर साडेत्र्याहत्तर इंच भरते. छत बहात्तर इंचांवर. दीड इंचासाठी ते अडत होते. हे गणित आठवीच्या मुलाला येते. वडील ते पाठ केल्याप्रमाणे सांगत, आणि मी ते चौतीस वर्षे रोज करीत आलो होतो.

अग्निशामक दलातला एक धिप्पाड तरुण यांत्रिक करवत घेऊन आला. त्याच्या खुणांवरून मला कळले की तो कपाट मधोमध फोडणार आहे. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. पण फोडलेल्या प्लायवूडच्या कपच्या आणि मधल्या फळ्या पत्नीच्या अंगावर येण्याची भीती होती. ती त्या बाजूलाच डोके करून पडली होती. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला म्हणालो, "चार इंच. फक्त खालचे चार इंच." मुलीने उरलेले समजावले. बैठक कापली तर उंची सहासष्ट इंच राहील, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साडेएकोणसत्तर, आणि कपाट आडवे होऊन सुखाने बाहेर जाईल. रुंदी चौतीस होती, दार छत्तीस. त्याने माझ्याकडे पाहिले, रुग्णवाहिकेतल्या बाईकडे पाहिले. तिने पत्नीची नाडी पाहून मान डोलावली.

मुलीने कपड्यांचे गठ्ठे ओढून पलंगावर फेकले. मी माझी हातकरवत घेतली आणि गुडघ्यांवर बसलो. बसताक्षणी माझ्या हाताने खिशातली पेन्सिल काढली आणि गुण्या लावून मी कडेला रेघ मारू लागलो. पन्नास वर्षांची सवय. त्या औषधाच्या गुंगीतूनही पत्नीचा आवाज आला, "अहो, रेघ कशाला मारताय? कापा ना."

मी कापू लागलो. समोरची बाजू आणि दोन्ही कडा मी कापल्या. मागची बाजू त्या तरुणाने बाहेर उभे राहून यंत्राने कापली, अर्थात रेघ न मारता. खाच आणि कुसू यांचे सांधे करवतीला दाद देत नव्हते. इतके चांगले सांधे मी उभ्या आयुष्यात केले नसतील. माझा हात थरथरू लागला तेव्हा मुलीने माझ्या हातातून करवत घेतली आणि शेवटचा कोपरा तिने कापला. लहानपणी ती माझ्यासमोर बसून लाकडाच्या ढलप्यांशी खेळत असे. करवत कशी धरावी ते तिला सांगावे लागले नाही.

मग दोघांनी बाहेरून कपाटाचा तळ ओढला, दोघांनी आतून माथा धरून हळूहळू खाली घेतला. ते पत्नीच्या डोक्यापासून हातभर अंतरावर आडवे झाले आणि एखाद्या पेटीसारखे सरकत बाहेर गेले. त्यांनी ते ओल्या गवतावर ठेवले. त्यामागोमाग त्याच वाटेने पत्नीला नेले. पाच जणांनी तिला सपाट फळीवर घेऊन दोन मिनिटांत बाहेर काढले. घसरून पडल्यापासून तोवर पाऊण तास झाला होता, आणि त्यातली चोवीस मिनिटे कपाटाची होती. मी घड्याळ पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम पार पडली. विम्याच्या कागदपत्रांचे जे रामायण पुढे दोन महिने चालले त्यात वाचकांना रस नसावा.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात मी मुलीपाशी विषय काढला. वाक्य मनात जुळवून ठेवले होते, पण "मी ते दार" एवढेच बोलता आले. ती म्हणाली, "पप्पा, मीच हो म्हटलं होतं." मी म्हणालो, तू नाही म्हणायला हवे होते. त्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुम्ही सकाळी शीळ घालत रंधा मारत होता. मी तुम्हाला कितीतरी वर्षांत शीळ घालताना ऐकलं नव्हतं. कशी नाही म्हणू?" तिने मला चार शब्द सुनावले असते तर ते मला सोपे गेले असते.

जावई संध्याकाळी आला. त्याने काहीही न बोलता बसमधला भुसा झाडून काढला. पुढे एकदा मीच त्याला विचारले की बसचे मागचे दार हे लोक इतके का जपतात. तेव्हा त्याने मला केंटकी राज्यातील कॅरोलटन गावाजवळचा अपघात सांगितला. १९८८च्या मे महिन्यात एका चर्चच्या मुलांची सहल परतत होती. त्यांची गाडीही शाळेची जुनी बस होती. दारू पिऊन उलट दिशेने आलेल्या एका वाहनाने तिला समोरून धडक दिली, इंधनाची टाकी फुटून आग लागली आणि पुढचे दार निकामी झाले. साऱ्यांनी बाकांमधल्या अरुंद वाटेने मागच्या एका दाराकडे धाव घेतली. सत्तावीस जण दगावले, त्यांतली चोवीस मुले. त्यानंतर बसगाड्यांच्या आपत्कालीन दारांचे नियम अधिक कडक झाले. हे सारे त्याला बस घेण्यापूर्वीपासून ठाऊक होते. मी कपाटाला पॉलिश करीत होतो तेव्हाही ठाऊक होते. सासऱ्याचा मान राखणे ही आपल्याकडे चांगली गोष्ट समजली जाते, आणि ती आहेही. पण त्या दिवशी मी त्याला म्हटले की यापुढे असे काही दिसले तर माझा मान खुशाल बाजूला ठेव. तो हसला. पुढच्या वेळीही तो बोलेल याची मला खात्री नाही.

पत्नीला रुग्णालयातून सोडल्यावर सहा आठवडे आम्ही तळमजल्यावरची एक भाड्याची खोली घेऊन राहिलो. कपाट शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारच्या कोठारात गेले. तेथे छत दोन पुरुष उंच आहे आणि दारातून ट्रॅक्टर येतो. शेतकरी त्यात आपली अवजारे ठेवतो आणि ते फार मजबूत आहे असे येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतो. मुलीचे कपडे पुन्हा पलंगाखालच्या पेट्यांत गेले. मागच्या दारापुढे आता काहीच नसते. सोफाही २०२४ साली घर घेतल्यावर त्याच दारातून बाहेर आला. त्याची पाठ आधी की आसन आधी, हे मी वसईहून फोनवर सांगितले.

नोव्हेंबरमध्ये परत निघण्यापूर्वी पत्नीला एकदा बसमध्ये जायचे होते. आमचे सामान तेथेच होते, आणि ते दुसऱ्या कोणी भरलेले तिला चालत नाही. ती चार पायांची काठी धरून चालत होती. बसची पहिली पायरी जमिनीपासून सव्वा फूट उंच. तिला ती चढवेल का, या विवंचनेत मी आधीच पुढे जाऊन पाहिले. पायरीखाली लाकडाचा एक ठोकळा मांडलेला होता. जवळ गेल्यावर मी तो ओळखला. कपाटाची कापलेली बैठक. जावयाने तिच्यावर उरलेल्या प्लायवूडचा तुकडा ठोकून तिची पायरी केली होती आणि यंत्राने कापलेली वेडीवाकडी बाजू बसकडे वळवून ठेवली होती.

पत्नीने काठी टेकली, एक पाय बैठकीवर ठेवला, मग दुसरा. वर जाण्यापूर्वी क्षणभर थांबून ती म्हणाली, "अहो, ही हलतेय."

मी वाकून पाहिले. एका कोपऱ्याखालची जमीन पावसाने खचली होती. मी खिशातून पट्टी काढून फट मोजली, अर्धा इंच भरली, आणि पाचर करण्यासाठी लाकडाचा तुकडा शोधायला कोठाराकडे गेलो.